नेटवरचे वेचे हे ग्रंथपालाचेच काम

सार्वजनिक वाचनालयाच्या फळ्यावर 'नवीन दाखल पुस्तके' अशी यादी लागते. तिच्या शेजारी दर आठवड्याला आणखी एक यादी लागायला हवी, असे माझे ठाम मत आहे. ही यादी नेटवर मिळणाऱ्या सहा-सात चांगल्या गोष्टींची, म्हणजे वेच्यांची, असावी आणि त्या ग्रंथपालाने स्वतः उघडून, वाचून, ऐकून, पारखून निवडलेल्या असाव्यात. त्यात अभ्यासाचे असेल, उपयोगाचे असेल आणि निव्वळ गमतीचेही असेल. हे काम एखाद्या हौशी ग्रंथपालाच्या उत्साहावर सोडून भागणार नाही. देवघेव, दाखल नोंद, वर्गीकरण यांच्या बरोबरीने ते कामाच्या तासांत बसले पाहिजे, वार्षिक अहवालात मोजले गेले पाहिजे आणि ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात शिकवलेही गेले पाहिजे.

यावर पहिला सवाल ठरलेला असतो : फोन तर ज्याच्या त्याच्या हातात आहे, मग मधे ग्रंथपाल कशाला? फोनवर जे समोर येते ते बहुतेक कुणीतरी पुढे ढकललेले असते, आणि जे कुणी ढकलत नाही ते पडून राहते. मराठीत पडून राहिलेला ऐवज थोडाथोडका नाही.

'पारी' या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाच्या संकेतस्थळावरच्या जात्यावरच्या ओव्याच घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत फिरून, सहकाऱ्यांच्या मदतीने एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या टप्प्याटप्प्याने तिथे प्रसिद्ध होत आहेत, आणि कित्येक ओव्या गाणाऱ्या बाईच्या स्वतःच्या आवाजात ऐकता येतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साथीने केलेले मराठी बोलींचे सर्वेक्षणही असेच. एकाच वस्तूला, एकाच नात्याला कोणत्या जिल्ह्यात काय म्हणतात ते नकाशावर पाहायला मिळते. सावंतवाडीचा माणूस आणि गोंदियाचा माणूस शेजारी बसून तासभर हसत वाद घालतील असा तो मालमसाला आहे. शिकागो विद्यापीठाच्या शब्दकोश संग्रहात मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती शोधपेटीसह आहे. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही आहे. ज्ञानेश्वरी वाचताना अडलेला शब्द क्षणात सापडतो, आणि पैसा एक लागत नाही.

आता जरा दूरची पण आपल्याच कामाची एक गोष्ट. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अमेरिकी लष्कराने छापलेले भारताचे जुने नकाशे नेटवर ठेवले आहेत. प्रमाण १ : २,५०,०००, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अडीच किलोमीटर. यातले बहुतेक तुकडे १९५० च्या दशकातले. उजनीचे धरण पूर्ण झाले १९८० मध्ये. त्यामुळे इंदापूर-करमाळ्याच्या बाजूचा तुकडा काढला, की भीमा तिच्या जुन्या पात्रातून वाहताना दिसते आणि आज जिथे नुसते पाणी आहे तिथे काठाकाठाने गावे मांडलेली दिसतात. धरणग्रस्त घरातल्या नातवाला हा नकाशा कुणी दाखवायचा? नकाशांच्या पानावर तो आपणहून पोचणार नाही. पोचला तरी आधी सूची-नकाशा उघडून आपला तुकडा कोणत्या क्रमांकाचा ते शोधावे लागते, मग कित्येक मेगाबाइटची फाइल उतरवावी लागते, आणि गावांची नावे रोमन लिपीत, जुन्या लेखनपद्धतीची. हे सगळे तीन ओळींत सांगणारा माणूस हवा, आणि तो वाचनालयात पगारावर बसलेला आहे.

मराठी सामग्री सापडत का नाही, याची कारणे अगदी तांत्रिक आहेत. ती ज्याला ठाऊक आहेत त्यालाच ती सापडते. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सरकारी प्रकल्पात स्कॅन झालेली लाखो पुस्तके आज इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, आणि त्यांत मराठी पुस्तकांचा साठा मोठा आहे. पण त्यांची शीर्षके नोंदवली गेली रोमन लिपीत, तीही ज्याला जसे सुचले तशी. 'ज्ञानकोश' हा शब्द चार पुस्तकांवर चार तऱ्हांनी लिहिलेला सापडेल. लेखकाचे आडनाव कधी आधी, कधी नंतर, कधी गायबच. देवनागरीत शोधले तर हाती काही लागत नाही. त्यामुळे शीर्षकाचा एकच ठळक शब्द घ्यायचा, त्याची तीन-चार रोमन रूपे करून बघायची, भाषा मराठी अशी चाळणी लावायची आणि तरीही नाही मिळाले तर प्रकाशनवर्षावरून शोधायचे. पुस्तक उघडल्यावर मधली पाने आहेत का, नकाशे-चित्रे दुमडलेलीच स्कॅन झाली आहेत का, हेही पाहावे लागते. पान उलटताना सुटलेली पाने ही या संग्रहाची कायमची व्यथा आहे.

दुसरी अडचण फाँटची. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर अक्षरे सारखीच दिसण्याची पद्धत, रुळण्याआधी जी मराठी पाने तयार झाली ती श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटांत होती. तो फाँट नसलेल्या यंत्रावर ती अक्षरांचा कचरा दाखवतात, आणि शोधयंत्राला तर ती मराठी वाटतच नाहीत. अशा पानांतला मजकूर फाँट-परिवर्तकातून काढून वाचता येतो. मात्र जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात, कारण तिथेच तो हमखास चुकतो.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते. पुस्तकाबाबत आपण ते मानतो, म्हणून तर कपाटांवर क्रमांक टाकतो. वरच्या दोन परिच्छेदांतला खटाटोप प्रत्येक वाचकाने स्वतंत्रपणे करायचा, की एका प्रशिक्षित माणसाने एकदा करून शंभर जणांना द्यायचा? सूत्र मान्य असेल तर याचे उत्तर एकच निघते.

हा प्रयोग नवा नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या कॅरोल लीटा या ग्रंथपाल बाईंनी १९९० मध्ये उपयोगी ठिकाणांची स्वतःपुरती खुणांची यादी सुरू केली. ती १९९४ मध्ये बर्कली सार्वजनिक ग्रंथालयाच्या वेबपानावर आली आणि पुढे 'लायब्रेरियन्स इंटरनेट इंडेक्स' म्हणून वाढली. दर आठवड्याला तिचे पत्र निघे : या आठवड्यात नवीन काय, प्रत्येकाला दोन-तीन ओळींचे टिपण. १९९५ मध्ये मिशिगन विद्यापीठात सुरू झालेल्या 'इंटरनेट पब्लिक लायब्ररी'त ती २०१० मध्ये विलीन झाली आणि २०१५ मध्ये ते सगळेच थांबले. याहूची हाताने लावलेली निर्देशिका २०१४ च्या अखेरीस बंद झाली, स्वयंसेवकांनी चालवलेले डीमॉझ २०१७ मध्ये. यावरून 'माणसाने निवडण्याचे दिवस गेले' असा निष्कर्ष काढतात. मला तो पटत नाही. बंद पडल्या त्या निर्देशिका होत्या. सगळ्या विषयांची सगळी ठिकाणे एका झाडावर मांडण्याचे वचन त्यांनी दिले होते, आणि नेट वाढत गेले तसे ते पाळणे अशक्य झाले. जुनी नोंद तपासायला माणूस उरला नाही, आणि नव्या नोंदी महिनोन् महिने रांगेत राहिल्या. आठवड्याची यादी असले वचन देत नाही. ती इतकेच सांगते की या सात गोष्टी पाहिल्या, चांगल्या आहेत. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे 'स्काउट रिपोर्ट' हे साप्ताहिक पत्रक १९९४ मध्ये निघाले, आणि या मोठ्या निर्देशिका मिटल्या त्या काळातही ते निघत राहिले. त्याचा आकार लहान आणि टिपणे माणसाने लिहिलेली. आपण उचलायचा तर हा नमुना उचलावा.

निवडणारा माणूस काढून टाकला की काय होते, तेही पाहायला मिळाले आहे. मे २०२५ मध्ये 'शिकागो सन-टाइम्स' या वृत्तपत्राच्या पुरवणीत उन्हाळी सुटीत वाचायच्या १५ पुस्तकांची यादी आली. त्यांतली १० पुस्तके अस्तित्वातच नव्हती. लेखक खरे, पण पुस्तके यंत्राने रचलेली. ती यादी बनवणाऱ्याने एकेक शीर्षक एखाद्या ग्रंथालयाच्या सूचीत टाकून पाहिले असते तर पंधरा मिनिटांत सारे उघडे पडले असते. मराठीत तर हे अधिकच सहज घडेल, कारण मराठी ग्रंथसूची नेटवर अर्धवट आहे आणि यंत्राला अडवणारा पुरावा कमी. म्हणून वेच्यांचा पहिला नियम असा हवा की जे स्वतः उघडले नाही ते यादीत घालायचे नाही. शोधयंत्राने दाखवलेला सारांश वाचणे म्हणजे उघडणे नव्हे.

'निवडले' म्हणजे नेमके काय केले, ते टिपणातून दिसते. सध्या वाचनालयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे येते ते साधारण असे : 'खूप छान संग्रह, अवश्य पहा', आणि खाली लांबलचक लिंक. यातून वाचकाला काहीच कळत नाही. टिपण पन्नास-साठ शब्दांचे असावे आणि त्यातून चार गोष्टी कळाव्यात : काय आहे, कुणी ठेवले आहे, किती वेळ किंवा किती डेटा लागेल, आणि उघडताना कुठे अडेल. उदाहरणार्थ :

'जात्यावरच्या ओव्या. पारी या संकेतस्थळावर खेड्यापाड्यांतल्या बायकांनी गायलेल्या ओव्या विषयवार लावल्या आहेत : भाऊ-बहीण, शेती, पंढरीची वारी, बाबासाहेब आंबेडकर. ध्वनिफिती काही मिनिटांच्या आहेत, इअरफोन लावून ऐका. पान इंग्रजीत उघडले तर आधी वरून भाषा बदलून मराठी करा. एका बैठकीत एकच विषय घ्यावा. आपल्याकडे याच विषयावरची पुस्तके : लोकसाहित्य, ३९८.'

शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक वेच्याच्या अखेरीस आपल्या कपाटाचा दशांश क्रमांक, म्हणजे ड्यूई वर्गीकरणातला त्या विषयाचा आकडा, आलाच पाहिजे. नकाशे असतील तर ९१२, महाराष्ट्राचा इतिहास असेल तर ९५४.७९२, पाकक्रिया असेल तर ६४१, मराठी साहित्य असेल तर ८९१.४६. 'अशाने वाचक पुस्तकांपासून तुटेल' या आक्षेपाला यापेक्षा चांगले उत्तर नाही. आणि ज्या वेच्याला जोडायला आपल्याकडे एकही पुस्तक निघत नाही तिथे खरेदीच्या यादीत काय घालायचे तेही कळते.

सात वेच्यांची वाटणी कशी असावी यावर मतभेद होतील. माझ्या मते दोन वेचे आपल्या तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे, एक कामाचा (परीक्षा, दाखले, शेती, आरोग्य), एक ऐकण्याचा, एक पाहण्याचा, एक स्वतःच्या कपाटातला आणि एक निव्वळ गमतीचा. गमतीच्या वेच्याबद्दल ग्रंथपाल उगाच संकोच करतात. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढले त्याचे नावच 'करमणूक' होते, आणि त्याच अंकांतून मराठी कादंबरी घडली. लोक हसायला येतात आणि मग बसतात. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाला जुन्या कार्डांची एक पेटी मिळाली होती. वाचकांनी संदर्भ विभागाला विचारलेले चमत्कारिक प्रश्न ग्रंथपालांनी त्या कार्डांवर टिपून ठेवले होते. २०१४ च्या अखेरीस त्यांनी ती कार्डे एकेक करून नेटवर टाकायला सुरुवात केली. १९४४ च्या एका कार्डावर घरात ऑक्टोपस पाळता येईल का अशी विचारणा आहे. १९७६ च्या एका कार्डावर विचारले आहे की अठराव्या शतकातल्या इंग्रजी चित्रांत इतक्या खारी का असतात, आणि चित्रकाराला चावू नये म्हणून त्यांना माणसाळवत कसे. जगभरचे लोक यावर मनापासून हसले आणि ग्रंथालयात आजही असे प्रश्न विचारता येतात हेही त्यांना कळले. आपल्या वाचनालयांत असे प्रश्न रोज येतात. नाव न लिहिता ते एका वहीत टिपायला सुरुवात करावी. वर्षभरात बारा उत्तम वेचे तिथूनच निघतील.

स्वतःच्या कपाटातला वेचा म्हणजे आपल्याकडच्या दुर्मीळ गोष्टीचे एखादे पान. पणजीचे गोव्याचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. शंभरी ओलांडलेली वाचनालये महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्यांच्या कपाटांत जुन्या मासिकांतल्या जाहिराती आहेत, नाटकांची हस्तपत्रके आहेत, शाळांचे अहवाल आहेत. फोनच्या कॅमेऱ्याने पान टिपताना ते खिडकीजवळ सपाट ठेवावे, फ्लॅश बंद ठेवावा, कॅमेरा पानाला समांतर धरावा आणि कडेला मोजपट्टी ठेवावी. बांधणी घट्ट असेल तर पुस्तक १८० अंशांत उघडण्याचा हट्ट करू नये, शिवण तुटते. खाली उशी देऊन ते साधारण ९० ते १०० अंश उघडले तरी पुरते.

आता खरेखोटेपणा. ग्रंथपालाचे नाव ज्या यादीखाली आहे त्यात एक खोटा वेचा गेला की पुढच्या पन्नास खऱ्या वेच्यांवरचा विश्वास जातो. दिवाळीच्या रात्रीचे 'नासाने टिपलेले' भारताचे रंगीत छायाचित्र दर वर्षी फिरते. ते ना एका रात्रीचे आहे, ना दिवाळीचे. अमेरिकी हवामान-उपग्रहांनी अनेक वर्षांत टिपलेले रात्रीचे दिवे एका शास्त्रज्ञाने एकावर एक रचले. १९९२ पूर्वीचे दिवे पांढरे, १९९२ मध्ये दिसू लागलेले निळे, १९९८ मधले हिरवे, २००३ मधले लाल. चित्र भारतातल्या वस्तीची आणि विजेची वाढ दाखवते. नासाने नोव्हेंबर २०१२ मधले दिवाळीच्या दिवसांतले खरे उपग्रहचित्र दिले, आणि सोबत हेही सांगितले की दिवाळीमुळे वाढलेला उजेड अवकाशातून जवळपास जाणवतही नाही.

हे तपासायला दहा मिनिटे पुरतात. चित्र उलट शोधाला द्यायचे, म्हणजे चित्रच टाकून ते आणखी कुठे आहे ते पाहायचे, गूगल लेन्स आणि टिनआय अशा दोन ठिकाणी, कारण दोन्हींचे साठे वेगळे आहेत. टिनआयमध्ये निकाल सर्वांत जुन्यापासून लावून घ्यायचे. जुन्यात जुने पान काय म्हणते ते वाचायचे. मग ज्या संस्थेचे नाव चिकटवले आहे तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तेच चित्र आहे का पाहायचे. तिथे नसेल तर वेचा बाद. कवितांचेही तसेच. पु.ल., कुसुमाग्रज, वपु यांच्या नावावर फिरणारा मजकूर त्यांच्या छापील पुस्तकात पृष्ठ क्रमांकासह सापडला तरच द्यावा. पुस्तके आपल्याच कपाटात आहेत, त्यामुळे ही तपासणी वाचनालयाइतकी चांगली दुसरे कुणी करू शकत नाही. आणि असा खोटा ठरलेला मजकूर 'तपासले : हे त्यांचे नाही' म्हणून दिला, तर तोच त्या आठवड्याचा सर्वाधिक वाचला जाणारा वेचा ठरेल.

हक्कांच्या बाबतीत मात्र आपली वाचनालये फारच ढिली आहेत. लिंक देणे आणि पीडीएफ पाठवणे यांत मोठा फरक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि ही वर्षे मृत्यूच्या पुढल्या १ जानेवारीपासून मोजतात. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे लेखन १ जानेवारी २०२४ पासून सर्वांना खुले. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांच्यासाठी १ जानेवारी २०३० पर्यंत थांबायला हवे. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या लेखनाची साठ वर्षे प्रकाशनापासून धरतात. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, गाणी १९५२ मध्ये छापली गेली; म्हणून ती २०१३ उजाडताना खुली झाली, एक वर्ष आधी नव्हे. लेखन खुले झाले तरी नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा आणि चित्रे यांचे हक्क निराळे राहतात. गाण्यात तर शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन वेगवेगळे हक्क असतात. गीतरामायणाचे शब्द गदिमांचे, ते १९७७ मध्ये गेले; चाली सुधीर फडक्यांच्या, ते २००२ मध्ये. म्हणजे शब्द २०३७ अखेर आणि चाली २०६२ अखेर राखीव. अशा वेळी हक्कधारकाच्या अधिकृत ठिकाणाची लिंक द्यावी, फाइल कधीही नाही. ग्रुपवर चालू पुस्तकाची पीडीएफ फिरवणारे वाचनालय मराठी प्रकाशकाच्या पोटावर पाय देते, आणि त्याच प्रकाशकाकडे सवलतीत पुस्तके मागते.

लिंका मरतात. प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये केलेल्या पाहणीत २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणून वेचा यादीत घातला त्याच दिवशी त्याची प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ठेवावी. पानाचा पत्ता 'सेव्ह पेज नाऊ' या चौकटीत टाकला की नवा पत्ता मिळतो. त्यातल्या चौदा आकड्यांत वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद सारे असते. तो पत्ता लगेच उघडून पाहायचा, कारण लॉगिनमागची पाने आणि फेसबुक-इन्स्टाग्राम तिथे नीट उतरत नाहीत आणि व्हिडिओ बहुधा सुटतो. यादी नोंदवायला दाखल नोंदवहीसारखीच एक वही किंवा तक्ता पुरे : अनुक्रमांक, तारीख, शीर्षक, ठेवणारी संस्था, पत्ता, जतन केलेल्या प्रतीचा पत्ता, हक्काची स्थिती, आपला वर्गांक, शेवटची तपासणी. दर तीन महिन्यांनी सगळ्या लिंका उघडून बघायच्या, आणि हे डोळ्यांनीच करायचे. मेलेल्या संकेतस्थळाचे नाव कुणी तरी विकत घेतो आणि तिथे जुगाराची जाहिरात लावतो. तपासणीच्या प्रोग्रॅमला ते पान 'चालू' दिसते.

लांब पत्त्याचा आखूड पत्ता, म्हणजे लघुदुवा, करून देणाऱ्या सेवांवर विसंबू नये. गूगलने आपली अशी सेवा २०१९ मध्ये नव्या दुव्यांसाठी बंद केली, आणि सेवा मिटली की तिच्यावर टांगलेले दुवेही धोक्यात येतात. मराठी पत्त्यांची अडचण मात्र खरी आहे. देवनागरी पत्ता कॉपी केला की त्यातल्या प्रत्येक खुणेची नऊ रोमन चिन्हे होतात. 'ग्रंथालय' या शब्दात काना, अनुस्वार, हलन्त धरून आठ खुणा आहेत, त्यांची ७२ चिन्हे झाली. विकिपीडियाच्या लेखांसाठी विकिमीडियाचीच स्वतःची लघुदुवा सोय आहे, ती वापरावी. लांब पत्त्याचा क्यूआर कोड बारीक चौकटींचा होतो आणि साध्या फोनला वाचता येत नाही. फळ्यावरचा कोड हातभर अंतरावरून वाचायचा असेल तर किमान चार-पाच सेंटिमीटरचा असावा, मीटरभर अंतरावरून वाचायचा असेल तर दहा सेंटिमीटरचा. भोवती पांढरी कड सोडावी आणि वर चमकणारे लॅमिनेशन करू नये. फुकट क्यूआर देणारी काही ठिकाणे 'बदलता येणारा' कोड देतात. तो त्यांच्याच पत्त्यावरून वळतो आणि मुदत संपली की बंद पडतो. कोड साधा, थेट पत्त्याचाच घ्यावा.

व्हॉट्सॲपवर ग्रुप करण्यापेक्षा ब्रॉडकास्ट यादी किंवा चॅनेल बरे. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि त्यामुळे अनेक बाया-मुली त्यात येत नाहीत. ब्रॉडकास्ट यादीला २५६ जणांची मर्यादा आहे आणि ज्यांनी वाचनालयाचा नंबर फोनमध्ये साठवलेला नाही त्यांना संदेश पोचतच नाही. तेव्हा वर्गणीच्या पावतीवरच 'हा नंबर साठवा' असे छापावे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी फळ्यावरचा कागद आणि वाचनालयातला एक संगणक.

पैसा आणि माणूस हा शेवटचा आक्षेप, आणि तो सर्वांत खरा आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या छोट्या वाचनालयांचे ग्रंथपाल अत्यंत तुटपुंज्या मानधनावर राबतात. गावातल्या ड वर्गाच्या, म्हणजे सर्वांत लहान, वाचनालयाकडून दर आठवड्याला सात वेचे मागणे अन्याय होईल. सात नीट तपासलेले वेचे म्हणजे तीन ते चार तासांचे काम आहे. म्हणून सुरुवात शासकीय जिल्हा ग्रंथालयांनी आणि अ वर्गाच्या वाचनालयांनी करावी. तालुक्यातल्या पाच वाचनालयांनी आळीपाळीने एकेक आठवडा घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच आठवड्यांतून एकदाच काम येते आणि यादी मात्र पाचही फळ्यांवर दर आठवड्याला लागते. खाली ज्याने केली त्याचे नाव असावे. निनावी यादीची जबाबदारी कुणी घेत नाही आणि तिचे श्रेयही कुणाला मिळत नाही.

आज वाचनालयाचा वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, नियतकालिके, सभासद, उघडे राहण्याचे तास अशा मोजमापांवर. अनुदानाचे १९७० चे नियम झाले तेव्हा नेटचा प्रश्नच नव्हता. त्या मोजमापांत आता एक रकाना वाढवावा : वर्षात प्रसिद्ध केलेल्या वेच्यांच्या याद्या आणि तपासलेल्या लिंका. पुस्तकांची संख्या फुगवायला रद्दीच्या भावाने गठ्ठे विकत घेण्याचा मोह ज्या मोजमापाने होतो, त्यापेक्षा हा रकाना कितीतरी प्रामाणिक ठरेल, कारण याद्या तारखेसह सगळ्यांसमोर असतील आणि कुणालाही उघडून पाहता येतील. ग्रंथालय संचालनालयाला यासाठी नवे खाते काढावे लागत नाही. आणि ग्रंथालयशास्त्राच्या प्रमाणपत्र वर्गात वर्गीकरणाचे प्रात्यक्षिक असते तसेच एक प्रात्यक्षिक यासाठी ठेवावे. विद्यार्थ्याने आपल्या तालुक्याबद्दलचे दहा वेचे शोधावेत, प्रत्येकाला साठ शब्दांचे टिपण, वर्गांक, हक्काची स्थिती आणि जतन केलेल्या प्रतीचा पत्ता जोडावा, आणि परीक्षकाने गुण देण्याआधी दहाही उघडून पाहावेत.